माप आपले, शिक्का कुणाचा?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब सलग तीन रविवार मिस्साला दिसले नाही. घर नियमाचे, त्यामुळे ती अनुपस्थिती डोळ्यांत भरली. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई घरी बसून शिवणकाम करणारी. थोरली मुलगी दोन वर्षे अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत होती. अकोल्यात आता शिकवणी वर्गांचे मोठाले फलक जागोजागी दिसतात. त्यांवर उत्तीर्ण मुलामुलींची छायाचित्रे ओळीने लावलेली असतात. आपलेही मूल त्या ओळीत बसावे म्हणून वऱ्हाडातील कितीतरी आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांना तेथे पाठवितात. ज्यांची छायाचित्रे लागत नाहीत, त्यांचे पुढे काय होते, ते फलकावर लिहिलेले नसते.

चौथ्या आठवड्यात आम्हीच त्यांच्या घरी गेलो. निकाल काय लागला, हे दारातच कळले. चहा आला, पण कुणी बोलेना. अखेर मुलगीच म्हणाली, ‘‘फादर, यशाची व्याख्या प्रत्येकाची वेगळी असते ना? माझ्या व्याख्येप्रमाणे मी हरलेली नाही.’’

वडील इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते. ते वळून म्हणाले, ‘‘निकाल लागल्यावर कायले सांगून राहिली हे? आधी सांगतलं असतं, तर आयकलं असतं.’’

आईने दोघांना गप्प केले. आम्ही सांत्वनाचे चार शब्द बोललो, प्रार्थना केली आणि परतलो. परंतु ती दोन वाक्ये काही केल्या मनातून जाईनात. मुलगी खोटे बोलत नव्हती. एका परीक्षेतील गुण म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हीच व्यासपीठावरून कितीदा सांगितले असेल! आणि वडिलांचे बोलणे रागाचे असले, तरी त्यातील आक्षेप पोकळ नव्हता. आपले यश आपणच ठरवावे, हे खरे. पण ते केव्हा ठरवावे, कुणाला विचारून ठरवावे, आणि ठरविलेल्या मापाने आपण खरोखर मोजतो आहोत की स्वतःची समजूत काढतो आहोत, हे कशावरून ओळखावे? या प्रश्नाचा वाचकांसह विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मुलीची बाजू घेऊ. आपण ज्याला यश म्हणतो, त्याचे माप बहुधा आपण घडविलेले नसते. ते शेजाऱ्याच्या अंगणात, नातलगांच्या लग्नमंडपात, कचेरीतील मधल्या सुट्टीत तयार होते. मुलगा कुठे लागला, जावई काय करतो, घरावर स्लॅब पडली की नाही, दारात चारचाकी उभी आहे की नाही, ही त्या मापाची खूणचिठ्ठी. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात ही गोष्ट फार पूर्वी हेरली. मानसन्मान हे जीवनाचे साध्य ठरू शकत नाही, असे तो म्हणतो, कारण मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. जे दुसरा केव्हाही काढून घेऊ शकतो, ते आपले कसे? त्याच्यानंतर काही शतकांनी रोमी साम्राज्यात एपिक्टेटस नावाचा एक विचारवंत होऊन गेला. तो मूळचा गुलाम. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, याची वाटणी करूनच जगावे, असे त्याने शिकविले. पाऊस, बाजारभाव, लोकमत या गोष्टी आपल्या हाती नाहीत. आपला प्रयत्न, आपली निवड आपल्या हाती आहे. ज्याला पायात बेडी असताना मोकळे राहता आले, त्याच्या शब्दाला वजन असणारच.

तेव्हा स्वतःचे माप हवे. पण आता वडिलांच्या बाजूने पाहू.

आपला वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. येथे माप आणि काटा यांविषयी शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. वर्षभराची मेहनत गाडीत भरून तो विकावयास नेतो आणि काट्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभा राहतो, कारण ‘काटा मारणे’ हा शब्द त्याने ऐकलेला नसतो, सोसलेला असतो. व्यापाऱ्याकडे वजने स्वतःचीच असतात; त्यात गैर काही नाही. मात्र त्या वजनांवर शासनाच्या निरीक्षकाचा शिक्का असावा लागतो. घेताना जे वजन, तेच देताना असावे लागते. आणि माल काट्यावर चढल्यानंतर वजन बदलता येत नाही.

यशाच्या मापालाही हेच तीन नियम लावून पाहावेत, असे आम्हांला वाटते. माप आधी ठरलेले असावे. ते आपल्याला आणि दुसऱ्याला सारखेच लागू असावे. आणि त्याच्यावर आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाचा तरी शिक्का असावा. हे तीन नियम पाळून आपले माप आपण घडविणारी माणसे याच भूमीत होऊन गेली आहेत. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट सोपी नाही, हेही ध्यानात येते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. वडील दारूपायी गेले. आई त्यांना घेऊन मूर्तिजापूर भागातील दापुरे येथे माहेरी आली, तर मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या काळी घरात पहिले मूल आले की बारशाला जातभाईंना मटण आणि दारूचे जेवण घालावे, अशी रीत होती. ते न घालणारा माणूस चारचौघांत उणा ठरे. मग त्यासाठी कर्ज झाले तरी बेहत्तर. डेबूजींनी आपल्या पहिल्या मुलीच्या बारशाला ही रीत मोडली आणि गोडाधोडाचे साधे जेवण घातले. जातभाई नाराज झाले.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ऐपत नव्हती म्हणून डेबूजींनी ‘माझी प्रतिष्ठेची कल्पना वेगळी आहे’ असे सांगितले असते, तर ती पळवाट ठरली असती. पण ऐपत नसलेले कितीतरी लोक कर्ज काढून ती रीत पाळीतच होते. त्यांचे माप पंगत बसण्यापूर्वी ठरले होते, ते त्यांनी सर्वांसमक्ष लावले, आणि त्यामुळे पाहुण्यांच्या नजरेत त्यांचीच किंमत उतरली. ज्या मापाची पहिली झळ माप लावणाऱ्यालाच बसते, ते सहसा खोटे नसते.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. रवींद्र कोल्हे १९८०च्या दशकात मेळघाटातील बैरागड या कोरकू वस्तीच्या गावी वैद्यकी करावयास गेले. तेथे पोहोचावयाचे तर चाळीस किलोमीटरांची पायपीट होती. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुढच्या खेपेचा एक रुपया, ही त्यांची फी. लग्नाचा विचार मनात आला, तेव्हा त्यांनी चार अटी उघड सांगितल्या. मुलीची चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी. लग्न पाच रुपयांत, म्हणजे नोंदणी पद्धतीने होईल. महिना चारशे रुपयांत संसार करावा लागेल. आणि भीक मागण्याची वेळ आली, तर स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांसाठी मागावी लागेल. अनेकींनी नकार दिला. नागपुरात स्वतःचा चांगला जम बसलेल्या डॉ. स्मिता यांनी होकार दिला. २०१९ साली या दांपत्याला पद्मश्री मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्या मते त्यांच्या यशाचा दाखला पद्मश्रीत शोधू नये. तो त्या चार अटींत आहे.

कारण पाहा, त्या अटींत मोघम असे काहीच नाही. ‘साधे जीवन जगावे’, ‘सेवा करावी’ असे म्हणणे सोपे, कारण त्याचे मोजमाप कुणी करू शकत नाही. चाळीस किलोमीटर, पाच रुपये, चारशे रुपये हे आकडे आहेत. उद्या ते चुकले, तर गावातील शेंबडे पोरही बोट दाखवील. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या अटींची झळ जिला लागणार होती, तिला त्या आधी सांगितल्या गेल्या; तिला नाही म्हणण्याची मोकळीक होती. पुढे राज्याच्या बांधकाम मंत्र्यांनी त्यांची झोपडीवजा राहणी पाहून घर बांधून देऊ केले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी मेळघाटात चांगले रस्ते मागितले, असे सांगतात. ज्याने माप आधी ठरविले, त्याला दारी आलेले नाकारतानाही फार विचार करावा लागत नाही.

येथवर सारे सुखद आहे. आता अवघड भागाकडे वळावयास हवे, कारण तो टाळला तर हा लेख वर्तमानपत्री गौरव ठरेल.

स्मिताताईंचे पहिले बाळंतपण बैरागडलाच झाले. ते डॉ. रवींद्र यांनीच केले. बाळाला जंतुसंसर्ग झाला, फुप्फुसाचा आणि मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. बाळाला अकोल्याच्या मोठ्या इस्पितळात न्यावे, असे गावातले लोक सांगू लागले. डॉ. रवींद्र यांनी निर्णय पत्नीवर सोपविला. मात्र मुलाला बाहेर नेले तर मी पुन्हा या गावात येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. गावातील बायांच्या लेकरांवर येथे जे उपचार होतात, तेच माझ्या लेकरावर होतील, असे स्मिताताईंनी ठरविले. बाळ वाचले. ही हकीकत मुलाखतींतून, लेखांतून अनेकवार आली आहे आणि वाचणारा दर वेळी नतमस्तक होतो.

आम्हीही होतो. पण एक प्रश्न आम्हांला सोडीत नाही. बाळ वाचले नसते तर?

आई डॉक्टर होती, वडील डॉक्टर होते. माप त्या दोघांचे होते. बाळाला कुणी विचारले नव्हते. विचारता येण्याजोगे नव्हतेच. आमच्या धर्मग्रामातील एखादी माता आमच्याकडे आली आणि ‘फादर, तत्त्वासाठी मी आजारी मुलाला जवळच्या इस्पितळात नेत नाही,’ असे म्हणाली, तर आम्ही तिला गाडीत बसवून स्वतः अकोल्यास पोहोचवू, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मग बैरागडच्या त्या मातेपुढे आम्ही का नमतो?

पुष्कळ विचारान्ती आम्हांला असे वाटते की तेथे घेण्याचे आणि देण्याचे माप एक आहे की नाही, याची परीक्षा झाली. त्या गावातील प्रत्येक कोरकू मातेला हा प्रसंग कधी ना कधी येत होता आणि तिच्यापुढे अकोल्याचा पर्याय नव्हता. डॉक्टरांचे मूल निराळे, गावाचे मूल निराळे, असे त्या रात्री ठरले असते, तर गावाला कुणी काही सांगावयाची गरज नव्हती. गावाने ते जन्मभर लक्षात ठेवले असते. दोघांनी आपले वजन बदलले नाही. ही सचोटी आम्ही नाकारू शकत नाही. तरी दुसऱ्याच्या जिवावर बेतेल अशा ठिकाणी आपल्या मापाची सीमा येते, हेही आम्ही सोडू शकत नाही. या दोहोंत मेळ घालण्याचा आव आम्ही आणीत नाही. काही प्रश्न सुटत नाहीत, म्हणून ते विचारू नयेत असे नाही. फक्त दुरून पाहणाऱ्याने निवाडा देताना आवाज खाली ठेवावा.

गाडगेबाबांच्या बाबतीतही हाच सल आहे. १९०५ साली एका रात्री त्यांनी घर सोडले. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. लाखो रुपये त्यांच्या हातून गेले आणि अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडके एवढेच राहिले. संस्थांवर आपल्या कुटुंबीयांचा हक्क राहणार नाही, याची त्यांनी तजवीज केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. त्यांच्या मापाने पाहिले तर याहून थोर यश नाही. पण त्या १९०५च्या रात्री त्यांच्या पत्नी कुंताबाई घरात होत्या, लेकरे होती, म्हातारी आई होती. त्यांना कुणी अटी सांगितल्या नव्हत्या. कुंताबाईंनी पुढे जे सोसले, ते बाबांच्या थोरवीच्या हिशेबात कुठे लिहावयाचे? आम्ही बाबांना दोष देत नाही. तेवढी आमची पात्रता नाही. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या यशाची व्याख्या करताना तिची किंमत कोण मोजणार आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरात डोकावून पाहावे. बाबांच्या नावाने जयजयकार करणाऱ्यांनी कुंताबाईंचे नावही एकदा घ्यावे.

येथे दोन गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे.

पहिला असा की, स्वतःचे माप ठरविणे म्हणजे पदवी, पद, पैसा यांना तुच्छ लेखणे. तसे मुळीच नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकऱ्याच्या घरी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतले. जगाच्या मापाने यश पदरात पडलेच होते. त्यांनी ते फेकून दिले नाही. अमरावतीत त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि १९५२ साली ते केंद्रात कृषिमंत्री झाले. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९६९ साली, अकोल्यात जे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ते आज त्यांचे नाव वाहते. जगाने दिलेले नाणे घ्यावे. त्याने काय विकत घ्यावयाचे, ते आपण ठरवावे. आपल्या मुलाने खूप शिकावे, मोठ्या पदावर जावे, अशी इच्छा धरणारे आईबाप पाप करीत नाहीत.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. ‘यश मनाच्या मानण्यावर असते’ हे वाक्य भरल्या पोटी माणसाच्या तोंडी फार शोभून दिसते. या शतकाच्या आरंभी आपल्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची लाट उसळली. १ जुलै २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यानंतरही त्या दुःखाचा अंत झालेला नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढला आहे, बोंडे अळीने खाल्ली आहेत आणि घरात लग्नाची मुलगी आहे, त्याला ‘बाबा रे, यशाची व्याख्या बदल’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगणे होय. त्याला भाव हवा, पाणी हवे, कर्जातून वाट हवी. व्याख्येने कर्ज फिटत नाही. तथापि पीक बुडाले म्हणजे बापही बुडाला, नवराही बुडाला, माणूसच बुडाला, असे जेव्हा गाव नजरेने सांगते, तेव्हा त्या नजरेपुरता आपण सारे त्या मापाचे भागीदार असतो. ते माप तरी आपल्या हाती आहे. हप्ता चुकलेल्या शेजाऱ्याला लग्नकार्यात आपण कोणत्या पंगतीला बसवितो, एवढे पाहिले तरी पुरे.

आपण ख्रिस्ती माणसांनी हा विषय प्रभूच्या एका दृष्टान्ताशी ताडून पाहावा. परदेशी निघालेल्या धन्याने तीन दासांकडे आपले धन सोपविले. एकाला पाच थैल्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. हा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पाचाच्या दहा करणाऱ्याला आणि दोनाच्या चार करणाऱ्याला धन्याने एकाच शब्दांत शाबासकी दिली, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. चाराला दहाशी ताडून पाहिले गेले नाही. ज्याला जे मिळाले, त्याच्याशीच त्याची तुलना झाली. आणि तिसरा दास? त्यानेही यशाची स्वतःची एक व्याख्या केली होती. गमावले नाही, म्हणजे जिंकले! पण ही व्याख्या भीतीतून जन्मलेली होती आणि ती त्याने धनी परत येऊन हिशेब मागू लागल्यावर बोलून दाखविली. सोबत धन्यालाच दोषही दिला. ‘निकाल लागल्यावर कायले सांगून राहिली?’ हे त्या कारकून बापाचे शब्द आम्हांला आठवले, ते येथे.

मग शिक्का कुणाचा? शिक्का सद्सद्विवेकबुद्धीचा, असे आम्हांला सेमिनरीत शिकविले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तिला माणसाचा अंतरीचा गाभारा म्हटले; तेथे तो एकटा देवासमोर असतो. परंतु नीतिशास्त्र शिकविणारे आमचे वृद्ध गुरुजी याला एक पुस्ती जोडीत. गाभाऱ्यात अंधारही असतो, म्हणून एक दिवा बाहेरून न्यावा, असे ते म्हणत. तो दिवा म्हणजे आपल्याला खरे सांगणारा एखादा माणूस. पत्नी असेल, मित्र असेल, पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू असेल. ज्याने आपले माप असे कुणालाच दाखविले नाही, त्याच्या हातून काटा मारला जाण्याचा संभव फार.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, तेव्हा आम्ही मनाशी एक माप ठरविले होते. धर्मग्रामातील प्रत्येक आजारी माणसाला महिन्यातून एकदा तरी घरी जाऊन भेटावयाचे. बाकी काही साधले नाही तरी चालेल. पहिली काही वर्षे ते पाळले. पुढे बांधकामे आली, हिशेब आले, सभा आल्या. भेटी दोन महिन्यांवर गेल्या, मग सणावारी उरल्या. यातले वाईट भेटी कमी होणे हे नव्हे. माणसाची शक्ती कमी पडते. वाईट हे की आम्ही हळूहळू व्याख्याच बदलली. ‘आता आमचे खरे कार्य व्यवस्थापनाचे,’ असे आम्ही म्हणू लागलो आणि कोनशिलेवर नाव आले, तेव्हा सुखावलो. एका अंथरुणाला खिळलेल्या आजीने एकदा विचारले, ‘‘फादर, तुमची बदली झाली होती काय?’’ ती टोमणा मारीत नव्हती. आम्ही दुसऱ्या गावी गेलो असू, अशीच तिची समजूत झाली होती. आमच्या मापावरचा शिक्का पुसला गेल्याचे आम्हांला त्या दिवशी कळले. जुने वजन शोधून पुन्हा पारड्यात टाकले आहे. अजून पुष्कळ तूट आहे.

पुढे त्या कुटुंबाकडे आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस उपदेश केला नाही. ही आजीची गोष्ट सांगितली आणि मुलीला एवढेच म्हटले, ‘‘तुझी व्याख्या आम्हांला मान्य आहे. पण ती मागच्या वर्षाला लावू नकोस, पुढच्या वर्षाला लाव. आणि आज, बाबांच्या समोर सांग.’’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की परीक्षा पुन्हा द्यावयाची नाही. तिला खरे म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावरच ते कळले होते, पण खोलीचे भाडे आठवून तोंड उघडले नाही. परिचर्येचे शिक्षण घ्यावे, असे तिच्या मनात आहे. शिकत असताना घरून फक्त फी घेईन, वरखर्च घेणार नाही. आणि पहिल्या वर्षी मागे पडले, तर लपविणार नाही, फोन करून सांगेन. असे तिने मोजून सांगितले.

वडिलांनी लगेच होकार दिला नाही. देऊही नये; दोन वर्षांचे पैसे त्यांनी भरले होते आणि त्यांना आजवर कुणी विचारले नव्हते. ते म्हणाले, ‘‘हे तू लिहून ठेव.’’ तिने शिवणाच्या यंत्राशेजारची आईची हिशेबाची वही ओढली आणि मागच्या पानावर लिहिले. वडिलांनी ते दोनदा वाचले, खिशातून पेन काढले आणि खाली आपली सही केली.

पुढच्या रविवारी ते सारे मिस्साला आले होते. नेहमीच्याच बाकावर बसले.